गो-कार्ट ट्रॅकची दैनंदिन तपासणी

गो-कार्ट ट्रॅकची दैनंदिन तपासणी ट्रॅक उघडण्याआधी पूर्ण करायची असते. हे वाक्य अनावश्यक वाटेल. पण मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर सकाळी साडेनऊलाच सहलीची बस येऊन थांबते आणि तिच्यातले सर्वांत उत्साही काका फाटकाची कडी वाजवू लागतात, तेव्हा ते लिहून ठेवलेलं बरं. तपासणीचे तीन भाग पडतात : ट्रॅक, कार्ट आणि कार्टमध्ये बसणारा माणूस. पहिले दोन पान्याने दुरुस्त होतात.

ट्रॅक पायी चालून पाहायचा असतो, स्कूटरवरून नव्हे. डांबरावरचा खडा, तुटलेल्या बोल्टचा तुकडा, रात्रीच्या वाऱ्याने आणलेली फांदी, कालच्या कार्टने सांडलेलं ऑईल, यांतलं काहीही स्कूटरवरून दिसत नाही. ट्रॅक जागेवर आहे एवढंच कळतं. ऑईलवर लाकडाचा भुसा टाकायचा आणि तो मुरला की झाडून काढायचा, अशी पद्धत आहे. भुसा टाकण्याची पायरी बहुतेक ठिकाणी तत्परतेने पार पडते. झाडण्याची संध्याकाळपर्यंत राहते, आणि तोवर गिऱ्हाईक ऑईलऐवजी भुशावरून घसरतं. उघड्या ट्रॅकवर तिसऱ्या वळणावर एक कुत्रं झोपलेलं असतं. त्याला हाकललं की ते उठतं, आळोखेपिळोखे देतं आणि चौथ्या वळणावर जाऊन आडवं होतं. म्हणून वहीत या बाबीपुढची बरोबरची खूण सर्वांत शेवटी करावी.

कडेची टायरची भिंत ही नुसती टायरची रास नसते. टायर एकमेकांना बोल्टने किंवा पट्ट्याने जखडलेले असतात, म्हणजे धक्का बसला की सगळी भिंत थोडी मागे सरते आणि कार्टचा जोर जिरवते. सुटा टायर मात्र जागा सोडून ट्रॅकवर फिरायला निघतो. आदल्या दिवशी मागे सरकलेली भिंत सकाळी पुन्हा ओळीत आणायची, सैल झालेले बोल्ट आवळायचे. पावसाळ्यात टायरच्या पोटात पाणी साचतं, तेही काढायचं. भिंतीच्या मजबुतीशी पाण्याचा संबंध नाही, पण डासांच्या अळ्या शोधत फिरणाऱ्या पालिकेच्या माणसाशी आहे. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि नळकांडं वाढदिवसाच्या ऑफरच्या फलकामागे गेलेलं नाही ना, हेही याच फेरीत पाहून घ्यावं. प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहावी. तीत कोणाचा तरी मोबाईलचा चार्जर असतो.

आता कार्ट. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या गृहस्थाने नळ्यांची एक चौकट जोडली, तिला गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेलं इंजिन बसवलं आणि ही गाडी जन्माला आली. इंगल्स रेसच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. मोटारीत काय काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं त्याने गाळून टाकलं. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरेन्शियल नाही, दार नाही, छप्पर तर नाहीच. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली असल्यामुळे वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं जावं लागतं, आणि त्यासाठी चौकटच पिळवटते. मोटारीत जे स्प्रिंगा सोसतात, ते इथे वेल्डिंगचे सांधे सोसतात, प्रत्येक वळणाला, दिवसभर. म्हणून सांधे रोज फडक्याने पुसून, टॉर्च मारून पाहायचे. तडा सुरुवातीला तड्यासारखा दिसतच नाही. रंगावर केसाएवढी तांबूस रेघ दिसते. धूळ असली की तीही दिसत नाही, आणि काही ट्रॅकवर कार्ट वर्षानुवर्षं का धुतल्या जात नाहीत याचं एक कारण इथे सापडण्यासारखं आहे.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाड्याच्या कार्टना बहुधा होंडाच्या जीएक्स मालिकेतलं किंवा तशाच घडणीचं चार स्ट्रोकचं इंजिन असतं. हीच इंजिनं शेतातल्या पंपावर आणि मांडवामागच्या जनरेटरवर चालतात, त्यामुळे हाल सोसायची त्यांना सवय असते. ऑईल पट्टीवर पाहावं, पेट्रोल इंजिन थंड असताना भरावं आणि भरणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी पेटलेलं काही नसावं. इंजिन रुसलं तर कार्ट उभी राहते, आणि उभ्या कार्टने सहसा कोणाचं वाकडं होत नाही. काळजी करायची ती थांबायला तयार नसलेल्या कार्टची.

त्यासाठी ब्रेक. भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुधा फक्त मागच्या ॲक्सलवर, एकाच डिस्कवर असतो. पेडल दाबल्यावर ते टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर नळीत हवा आहे, आणि चार वेळा पंप मारल्यावर टणक झालं तरी हवा आहेच. शेवटच्या अवस्थेला ‘पंप मारला की लागतो’ असं म्हणतात आणि पुष्कळ कार्ट या एका वाक्यावर आख्खा हंगाम काढतात. मग ॲक्सिलरेटर. इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबायचं आणि एकदम सोडायचं. ते खटकन वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर केबलमध्ये माती आहे किंवा स्प्रिंग थकली आहे, आणि त्या दिवसापुरती ती कार्ट शोभेला ठेवायची.

स्टिअरिंगसाठी पुढची दोन्ही चाकं हातात धरून हलवायची. खटखट आली तर टाय रॉडच्या टोकाचे सांधे झिजले आहेत. एकेक नट रोज पान्याने तपासायचा तर दुपार होईल, म्हणून जाणते मिस्त्री नट आवळून झाला की नट आणि बोल्ट यांच्यावरून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवतात. सकाळी नुसती नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे तिचा अर्धा भाग नटावर एकीकडे आणि उरलेला बोल्टवर दुसरीकडे, तर नट फिरला आहे. या कामाला नेलपॉलिश उत्तम चालतं. एखाद्या ट्रॅकवर सगळ्या कार्टचे नट गडद गुलाबी दिसले तर त्यात मिस्त्रींच्या आवडीनिवडीचा भाग नसतो. घरात जी बाटली सुकायला आली होती ती त्यांनी आणलेली असते. चेन बोटाने दाबली की साधारण सेंटिमीटरभर खाली गेली पाहिजे आणि तिच्यावरचं झाकण जागेवर हवं. बंपर, सीटचे बोल्ट, टायरमधली हवा, हे सगळं पाच मिनिटांत होतं. बॅटरीवरच्या कार्टला चेनची आणि पेट्रोलची कटकट नसते. तिथे चार्ज आणि वायरींचे जोड पाहायचे. ती सुरू असली तरी आवाज करत नाही, म्हणून तिच्यासमोर उभं राहून गप्पा मारू नयेत.

यानंतर प्रत्येक कार्टची एक चाचणी फेरी. आधी सावकाश, मग वेगात, मग सरळ पट्ट्यात ब्रेक. कंट्रोल रूममधून वेग कमी करायचं किंवा कार्ट बंद करायचं बटण असेल, तर तेही याच फेरीत दाबून पाहायचं. संपूर्ण तपासणीत याच कामाला माणसं आपणहून पुढे येतात. चेनला ऑईल द्यायला बोलावलं तेव्हा नाश्त्याला गेलेली पोरं या वेळी हजर असतात आणि तीन नंबरच्या कार्टचा आवाज पुन्हा एकदा नीट ऐकायला हवा, यावर त्यांचं एकमत असतं.

हेल्मेटचा इतिहास गंभीर आहे. कार्ट जन्मली त्याच १९५६ साली, त्याच कॅलिफोर्नियात, पीट स्नेल नावाचा रेसर अपघातात गेला. डोक्यावरच्या हेल्मेटने त्याला वाचवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली. ती आजही हेल्मेट आपटून, ठोकून तपासते आणि कार्टिंगच्या हेल्मेटसाठी तिचं वेगळं मानक आहे. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ आहे आणि ट्रॅकवर बरेचदा तीच वापरली जातात. रोज पाहायचं ते इतकंच : कवचाला चीर, आतल्या थर्मोकोलला दाब, पट्ट्याचं बक्कल. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करायचं, कारण आतला थर एकदाच चेपतो. काच पेट्रोलने पुसू नये. ती झटकन स्वच्छ होते, पण प्लॅस्टिक ठिसूळ होतं. वासासाठी कोणतंही मानक नाही.

उरला माणूस. त्याचीही तपासणी रोजची, फेरीगणिक. उंचीच्या पट्टीपाशी वडील म्हणतात, “अहो, पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे त्याचा.” मुलगा टाचा उचलतो. पायात चप्पल असेल तर बूट घालायला सांगायचं, कोल्हापुरी कितीही अस्सल असली तरी. ज्यांनी आयुष्यभर मोटार चालवली त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं. कार्टला दोनच पेडल, उजवीकडे ॲक्सिलरेटर, डावीकडे ब्रेक, आणि मोटारवाल्यांच्या डाव्या पायाला फक्त क्लच ठाऊक. तो वळणावर क्लच दाबतो. कार्ट जागच्या जागी फिरते आणि काका बाहेर येऊन सांगतात की हिचा ब्रेक फार कडक आहे.

केस, ओढणी आणि स्टोल यांच्या बाबतीत मात्र कोणाचंही ऐकून घेऊ नये. मागचा ॲक्सल सीटच्या पाठीमागेच, उघड्यावर फिरत असतो. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ साली नीस शहरात मोटारीच्या चाकात स्कार्फ गुंतून गेली. हरियाणातल्या पिंजोरला २०१८ मध्ये आणि हैदराबादजवळ २०२० मध्ये केस अडकून कार्टवरच्या दोन तरुणींचा जीव गेला. केस बांधून, टोपीत घालून, कपड्याच्या आत, ओढणी काउंटरवर. फोटो चांगला येत नाही ही तक्रार नोंदवहीत घेऊ नये.

नोंदवही म्हणजे तपासणीचा पुरावा. प्रत्येक कार्टला एक ओळ, प्रत्येक बाबीला एक रकाना, शेवटी सही. खरी भरलेली वही ओळखायला सोपी असते : शाई बदललेली असते, कागदावर ऑईलचा अंगठा असतो आणि कुठेतरी ‘७ नं. ब्रेक मऊ, बंद ठेवली’ असं लिहिलेलं असतं. ज्या वहीत महिनाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने उतरत जातात आणि उद्याचा रकानाही भरलेला असतो, ती चहाच्या टपरीवर भरलेली असते. बंद ठेवलेल्या कार्टची किल्ली काढून ऑफिसात ठेवावी. नुसती चिठ्ठी चिकटवली तर रविवारी संध्याकाळी रांग फाटकाबाहेर गेली की ती गळून पडते.

आठवड्याची आणि महिन्याची तपासणी वेगळी. त्यात ॲक्सलची बेअरिंगं, ब्रेकचं ऑईल बदलणं आणि चौकट पूर्ण उघडून पाहणं येतं. तिची वहीही वेगळी असते आणि ती बहुधा मालकांच्या गाडीच्या डिकीत राहिलेली असते.