मिशी कुणालाच दिसली नाही

"अहो वहिनी, या जरा कुंपणाशी. फुलचोर सापडला!" मालूताईंनी तारेवरून मोबाइल पुढे केला. पहाटेचा अंधार, कानटोपीतला एक धूसर ठिपका आणि त्यांची जास्वंद.

"ओळखलंत? कोपऱ्यावरचे अण्णा! त्यांचा लग्नातला फोटो शेजारी धरून पाहिला मी."

(अण्णांशी त्यांचं पाण्यावरून वाजलेलं आहे, हे गल्लीला ठाऊक.)

"मालूताई, दुर्ग स्टेशनवरचा तो मुलगा आठवतो? सैफ अली खानवर वांद्र्याला हल्ला झाला तेव्हाचा, २०२५ चा जानेवारी?"

"जिन्यात दिसला तो ना? पाठीला सॅक लावलेला?"

"तो नव्हे, त्याच्यासारखा वाटला तो! हल्ला १६ तारखेचा. जिन्यातला फोटो देशभर फिरला आणि १८ला छत्तीसगडात रेल्वे पोलिसांनी ज्ञानेश्वरी एक्सप्रेसमधून एकाला उतरवलं. मुंबईतला ड्रायव्हर, ३१ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी ठाण्यात दुसराच माणूस पकडला, मग याला सोडलं. तोवर याचा फोटो टीव्हीवर! तो म्हणाला, मला मिशी आहे, कॅमेऱ्यातल्याला नाही."

"अगंबाई! अख्खी मिशी दिसली नाही कुणाला?"

"हाच तो, असं एकदा ठरलं की मिशी कोण बघतंय! आपलं माणूस आपण पाठमोरंसुद्धा ओळखतो, म्हणून वाटतं परकंही ओळखू. पण परक्याचे दोन स्वच्छ फोटो शेजारी ठेवले तरी लोक चुकतात, मानसशास्त्रवाल्यांनी तपासलंय."

"माणूस चुकेल. कॉम्प्युटर?"

"तो नुसता साम्याचा आकडा देतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं, ८० टक्क्यांच्या वर गेलं की चेहरा जुळला धरतो."

"ऐंशी! मग मी नि माझी थोरली जाऊ एकच की. तिचे सगळे उपद्व्याप माझ्या नावावर!" हे मात्र त्यांना फार लागलं. "आणि ठाण्याचा?"

"पोलिसांनी चेहऱ्याची चाचणी करून घेतली, जुळला म्हणाले. त्याचे वडील बांगलादेशातून म्हणतात, कॅमेऱ्यातला माझा मुलगाच नव्हे, त्याचे केस बघा."

"ते कोर्ट बघेल. त्या ड्रायव्हरचं काय झालं?"

"नोकरी गेली. होणाऱ्या बायकोला भेटायला निघाला होता, तिच्या घरच्यांनी लग्न मोडलं."

"सुटल्यावरसुद्धा?"

"सुटल्यावरसुद्धा."

"मग त्या मुलीचं जमलं का दुसरीकडे?"

"ते नाही आलं पेपरात."

"जे हवं ते छापत नाहीत मेले!"