टूल बघणं चालू आहे

राउटर हॉलमध्ये आणि कामाचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, एवढ्या भांडवलावर आयुष्याला नवी दिशा मिळालेला एक इसम हल्ली बहुतेक सोसायट्यांत सापडतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेतली, विम्यातली नाहीतर एखाद्या कारखान्याच्या स्टोअर्समधली. नेटवर्किंगशी पूर्वसंबंध इतकाच, की २००० सालाच्या सुमाराला सायबर कॅफेचं पेव फुटलं होतं तेव्हा मेव्हण्याच्या कॅफेत चार कॉम्प्युटर हबला जोडताना यानं वायर धरली होती. तेव्हापासून त्याचं मत पक्कं आहे: तयार केबल विकत घेतो तो अडाणी.

तयार केबल शेदोनशे रुपयांना मिळते हे त्याला ठाऊक आहे. पण ती मिळते ५ मीटरची किंवा १० मीटरची, आणि याच्या घरातलं अंतर भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, पंख्याच्या बटणांना वळसा घालून नेमकं साडेसात मीटर भरतं. १० मीटरची आणून उरलेली गुंडाळी टेबलामागे टाकावी, असं बायकोनं एकदा सुचवून पाहिलं. त्यावर त्यानं ज्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं, ती नजर लग्नानंतरच्या पहिल्या भांडणातही तिला दिसली नव्हती.

तर केबल घरीच करायची. त्याला हवी वायर, हवेत दोन जॅक आणि हवं क्रिंपिंग टूल. गणपतीत हे ठरलं. होळी आली तरी कोणी विचारलं, की उत्तर एकच: "टूल बघणं चालू आहे."

आता या टूलचं काम तरी काय? जॅक म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पाचदहा रुपयांचा तुकडा. त्यात धातूची आठ पाती उभी असतात, वर सोन्याचा पुसट मुलामा. केबलच्या आठ तारा त्यांच्याखाली सरकवल्या आणि दांडे दाबले, की प्रत्येक पातं आपापल्या तारेचं प्लास्टिक फोडून तांब्यात रुततं. त्याच दाबात मागची प्लास्टिकची जीभ केबलच्या बाहेरच्या आवरणावर बसते, म्हणजे पुढे कोणी केबल ओढली तर ओढ तारांवर न येता आवरणावर येते. झालं. एका दाबाचं काम आहे. पण तो दाब आठही पात्यांवर सारखा पडला पाहिजे, आणि आपल्या गृहस्थाचा सहा महिन्यांचा अभ्यास या एका वाक्यावर उभा आहे.

स्वस्त टूल पकडीसारखं एका बाजूच्या खिळ्यावर फिरतं. त्यामुळे खिळ्याजवळची पाती खोल जातात आणि लांबची वर राहतात. चांगल्या टूलमध्ये दाबणारा ठोकळा सरळ रेषेत वर चढतो आणि आठही पाती एकदम बसतात. शिवाय त्यात रॅचेट असतो. म्हणजे दांडे पुरते मिटल्याशिवाय टूल जॅक सोडतच नाही. अर्धवट दाबून "झालं, झालं" म्हणणाऱ्यांसाठी हा रॅचेट फार गुणाचा. हे सगळं खरं आहे आणि कोणीही पाच मिनिटांत सांगेल. आपला गृहस्थ मात्र खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतो. दाबलेल्या पात्याची उंची ६.०२ मिलिमीटर असावी, पाव मिलिमीटरचा फरकही खपत नाही, असं जिन्यात भेटलेल्या माणसाला ऐकवतो. आकडा बरोबर आहे. भेटलेला माणूस दूध आणायला निघालेला असतो, एवढंच.

पहिलं टूल त्यानं अखेर घेतलं ते साडेतीनशे रुपयांचं, 'थ्री इन वन'. त्यात तीन भोकं: एक नेटवर्कच्या जॅकचं, एक लँडलाइनच्या जॅकचं आणि एक रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरीचं. घरची लँडलाइन जाऊन दहा वर्षं झाली. तरीही "तीन कामं होतात" हा मुद्दा घरात हिशेब देताना कामाला आला.

आणि वायर? लागणार साडेसात मीटर. आणला ३०५ मीटरचा खोका. हजार फुटांचा खोका हेच नेटवर्किंगवाल्यांचं माप, आणि खोक्यात मीटर स्वस्त पडतो हा हिशेब. कोणाच्या तरी ओळखीनं तो आणखी स्वस्तात पडला. लिफ्ट बंद होती तेव्हा यानं तो एका हातानं तिसऱ्या मजल्यावर आणला आणि हातातली ताकद अजून शाबूत आहे म्हणून मनातल्या मनात खूषही झाला. या खोक्याच्या वजनाकडे वाचकांनी लक्ष ठेवावं.

पहिला जॅक मारण्याचा सोहळा रविवारी सकाळी झाला. चाळिशीचा चष्मा, वर टेबललॅम्प. आवरण इंचभर सोललं, पीळ सोडवले, तारा बोटांनी सरळ केल्या आणि तो संध्येतल्या चोवीस नावांसारखा रंगांचा क्रम पुटपुटू लागला: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बल्बच्या पिवळ्या उजेडात नारंगी आणि तपकिरी यांत फरक राहत नाही, आणि स्वस्त केबलीत पांढऱ्या तारेवरची रंगीत रेघ असते की नसते हा श्रद्धेचा प्रश्न आहे. तरी क्रम लागला. तारा अर्ध्या इंचावर कापल्या, आत सरकवल्या, दाबल्या. अभिमानानं वर केल्यावर दिसलं, की जॅकमागची रबरी टोपी आधी केबलीत ओवायची राहिली. ती नंतर घालता येत नाही. आणि एकदा दाबलेला जॅक परत उघडत नाही. तो कापूनच टाकावा लागतो. दुसऱ्या जॅकमध्ये निळी आणि हिरवी अदलाबदल झाली. तिसरा बरा बसला. साडेसात मीटरची केबल एव्हाना सात मीटर वीस सेंटिमीटर झाली होती आणि पंख्याच्या बटणांना वळसा घालण्याऐवजी त्यांच्यावरून गेली.

नेट चालू झालं. वेग मात्र १०० च्या वर जाईना. याचं कारण जुनंच आहे: १०० मेगाबिटला आठांतल्या चारच तारा पुरतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. खिळ्यापासून लांबच्या दोन तारांवर पातं नीट रुतलं नव्हतं. तेव्हा टूल दोषी ठरलं आणि गृहस्थ लोकल पकडून ग्रँट रोडला उतरला.

लॅमिंग्टन रोडचं नाव महापालिकेच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे; पण स्क्रू ड्रायव्हरपासून सर्व्हरपर्यंत काय हवं ते घ्यायला निघालेला माणूस टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगतो. तिथल्या दुकानदारासमोर यानं घरून लिहून आणलेला कागद उघडला. रॅचेट आहे का, ठोकळा सरळ चढतो का, पातं बदलता येतं का. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, जॅक कौनसा मारते हो?"

इथे काकांची दांडी उडाली. अभ्यास सगळा टूलचा होता, जॅकचा नव्हताच. साध्या जॅकचं तोंड पुढून बंद असतं. दुसऱ्या जातीला पास-थ्रू म्हणतात. त्यात तारा पुढून आरपार बाहेर येतात, बाहेरच रंगांचा क्रम पडताळता येतो, आणि दाबताना टूलमधलंच पातं वाढीव टोकं छाटतं. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ही जात वरदान आहे. पण तिला छाटणारं पातं असलेलं टूलच लागतं, आणि ते बोथट झालं की तांब्याचे केस पुढे लोंबत राहतात, शेजारच्या तारेला चिकटतात. केबलीच्याही जाती: कॅट-६ ची तार कॅट-५ई पेक्षा जाड, त्यामुळे जॅकचं भोकही मोठं हवं. काही जॅकमध्ये तारा खालीवर दोन ओळींत जातात. एकसंध तारेचा जॅक वेगळा आणि बारीक धाग्यांच्या लवचीक केबलीचा वेगळा. धातूचं कवच असलेल्या जॅकला मागची पट्टी आवळणारा जबडा लागतो. म्हणजे आधी केबल, मग तिला साजेसा जॅक आणि शेवटी त्या जॅकचं टूल. दुकानदार हे मिनिटभरात सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आपला गृहस्थ परतला तो रॅचेटचं साधं टूल आणि सेलमध्ये लागलेलं शंभर पास-थ्रू जॅकचं पाकीट घेऊन. हो, हे दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. तिसरं टूल त्यामुळेच आलं.

एव्हाना घरातली वायर जोडून झाली होती, पण खोक्यात अडीचशेहून जास्त मीटर शिल्लक होती. ती स्वस्थ बसू देईना. शेजारच्या ताईंचा टीव्ही, वरच्या मजल्यावरच्या मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर, सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर. वरच्या मुलानं एकदा स्वतःच जॅक मारला. "दोन्ही टोकांना सारखाच क्रम लावलाय ना काका, मग रंग कुठलेही चालतील," असं त्याचं म्हणणं. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले, मुलगा हसला. काकांनी त्याला बसवून घेतलं. तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातली, हिरव्या जोडीची असावी लागते. पीळ मोडून ती वेगवेगळ्या जोडीतून घेतली, तर एका जोडीचा आवाज दुसरीत घुसतो. शंभर-दीडशे रुपयांचा टेस्टर फक्त तार तुटली नाही एवढंच सांगतो, जोडी फुटली हे त्याला कळत नाही. हे सांगताना काकांचा चेहरा फुलला होता, आणि खरं सांगायचं तर या बाबतीत सोसायटीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

मग गेटवरचा सीसीटीव्ही आला. केबलवाटेच वीज घेणारा कॅमेरा, अंतर सत्तर मीटर. नेटवर्क केबलीच्या १०० मीटरच्या मर्यादेच्या आतच. दिवसा चित्र स्वच्छ. रात्री दहा-दहा मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. सेक्रेटरी म्हणाले, जॅक ढिला असेल. काकांनी जॅक बदलला, मग टूल बदललं, मग पुन्हा पहिल्या टूलनं मारून पाहिला. आठवडाभर शिडीवर.

शेवटी इंटरनेटवाल्याचा पोरगा दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी आला होता, तो थांबला. विशीचा. मागच्या खिशात दांड्यांचं रबर उडालेलं टूल. केबलचं टोक त्यानं दातांनी सोललं (काकांनी डोळे मिटून घेतले), एका तारेवर ब्लेड घासलं आणि पुढे केलं. तांब्याच्या सालीखाली पांढरी चमक होती.

"काका, सीसीए आहे ही. अ‍ॅल्युमिनियम. टूलला कशाला शिव्या देताय?"

अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या या तारेचा विरोध तांब्याहून बराच जास्त. दिवसा कॅमेऱ्याला थोडी वीज पुरते. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, सत्तर मीटरमध्ये दाब उतरतो आणि कॅमेरा मान टाकतो. प्रमाणित कॅट-६ केबलीत तार तांब्याचीच असावी लागते; खोक्यावर काय छापलंय याला अर्थ नाही. आणि आता ते वजन. खऱ्या कॅट-६ च्या ३०५ मीटरमध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोंच्या वर भरतं. अ‍ॅल्युमिनियम त्याच आकारमानात तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं. तिसऱ्या मजल्यावर एका हातानं चढलेला खोका हा ताकदीचा पुरावा नव्हता.

पोरानं त्याच्याकडची तांब्याची केबल टाकली, दोन्ही टोकांना जॅक मारले. एका जॅकला त्याला मिनिटभर लागला असेल. काकांनी कॅलिपर लावून पाहिलं. सहा पूर्णांक शून्य दोन नाही, पण मर्यादेत. त्या खिळखिळ्या टूलमधून! याचा त्यांना कॅमेऱ्याहून जास्त धक्का बसला. पोरगा दिवसाला कितीतरी जॅक मारतो. कुठली बाजू कमी दाबली जाते हे हाताला माहीत, म्हणून जॅक किंचित तिरका धरतो आणि दोनदा दाबतो. त्याच्या टूलची किंमत विचारली तर त्याला आठवेना.

काकांकडे आज तीन टूलं आहेत. वर्षाला दोनचार जॅक मारणाऱ्या घरासाठी रॅचेटचं एक पास-थ्रू टूल पुरे, बाकी दोन हौसेची. एकच केबल लागणार असेल तर तयार आणावी आणि उरलेली गुंडाळी टेबलामागे टाकावी; काकांच्या बायकोचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं बरोबर होतं, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

टूल घ्यायला जाणारच असाल, तर वापरायचा जॅक आणि वीतभर केबल खिशात घेऊन जा. दुकानातच एक जॅक मारून घ्या, उजेडाकडे आडवा धरा, आठही पाती एका पातळीत बसली आहेत का आणि मागच्या जिभेनं आवरण पकडलंय का ते बघा, मगच पैसे द्या. आणि काकांकडून उसनं आणायचं असेल तर जॅक आपले न्या, केबल तांब्याची न्या, आणि गॅसवर दूध ठेवून जाऊ नका.