सोनेरी मुकुट

आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं ते कर्तबगारीमुळे नव्हे, निवडणुकीच्या सभेला मी गैरहजर होतो म्हणून. त्या पदाचा निम्मा भार माझ्या मोबाइलमधलं एक फुकट ॲप वाहायचं. कागदाचा फोटो काढा, पानं जोडा, पीडीएफ तयार! मग एके सकाळी ॲप अपडेट झालं आणि पानं जोडायच्या बटणाशेजारी छोटासा सोनेरी मुकुट उगवला. जुना, निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणून आपला मान केला, असं वाटून मी तो कौतुकाने बायकोला दाखवला. तिने चष्मा लावला.

"महिन्याला पैसे मागतायत तुझ्याकडे."

तसा हा छळ माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. फोटोशॉप एकदाच विकत घेऊन वर्षानुवर्षं वापरायची सोय अडोबीने 2013 पासून मोडीत काढायला घेतली, आता भाडं भरत राहा. विंडोजमधला पत्त्यांचा सॉलिटेअर 1990 पासून बिनबोभाट चालत होता, ऑफिसातल्या माझ्या कित्येक दुपारी त्यानेच तारून नेल्या. विंडोज 10 मध्ये त्यात जाहिराती घुसल्या, नको असतील तर वर्गणी! बीएमडब्ल्यूने तर 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करायला मासिक भाडं लावलं. हीटर गाडीत आधीच बसवलेला, कुलूप फक्त सॉफ्टवेअरचं. बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी तो नाद सोडला. माझ्या स्कूटरची सीट मे महिन्यात फुकट तापते, त्यामुळे या बातमीने मला उगाचच श्रीमंत वाटलं.

नवं काही देऊन पैसे मागा, माझी ना नाही. वाण्याने साखर महाग केली तर मी कुरकुरत घेतोच, पण म्हणून त्याने घरात शिरून डब्यातली साखर परत न्यायची?

तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मी पैसे भरले नाहीत. वार्षिक सभेचा अहवाल सुटा सुटा, पानागणिक फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यात टाकीच्या दुरुस्तीचं पान उलटं गेलं, जमाखर्चावर माझ्या अंगठ्याची सावली पडली, आणि मधेच बायकोने लिहिलेली किराणा सामानाची यादी गेल्यामुळे तळमजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या खर्चात पाच किलो बेसन कशाला, असा लेखी खुलासा मागितला. तो खुलासा दोन पानी झाला. जोडणार कसा?

शेवटी सात दिवसांची मोफत ट्रायल घेतली. सातव्या दिवसाआधी ती बंद करायची, एवढंच काम होतं. पण त्या दिवशी मी टाकीपाशी प्लंबरची वाट बघत बसलो होतो आणि संध्याकाळी मेसेज आला तो वर्षभराचे पैसे खात्यातून गेल्याचा.

आता पैसे वसूल करणं आलं. लग्नपत्रिका, गॅसच्या पावत्या, मिक्सरचं माहितीपत्रक, सासऱ्यांची पत्रं, दिसेल ते स्कॅन करून मी जोडत सुटलो. परवा फोनने कळवलं की जागा संपली, आणखी हवी असल्यास वर्गणी भरा.

तिचीही ट्रायल घेतली आहे.