सदुसष्ट

नववीला बीजगणित शिकवताना कुठल्याही उदाहरणाचे उत्तर सदुसष्ट येऊ नये, याची मी हल्ली काळजी घेतो. फळ्यावर 67 उमटले की मागचे बाक दोन्ही तळवे आळीपाळीने वरखाली करत 'सिक्स सेव्हन' ओरडतात, आणि पुढचे, हुशार म्हणून नावाजलेले बाकही मागे राहत नाहीत. चौकशी केली. एका अमेरिकन रॅप गाण्यातले हे आकडे बास्केटबॉलच्या व्हिडिओंवरून जगभर पसरले आणि 2025 मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने त्यांना वर्षाचा शब्द ठरवले. अर्थ काय? काही नाही.

"सर, अर्थ नसतोच, तीच तर मजा आहे," एका मुलीने मला समजावले. तेही कच्च्या पोरांना अपूर्णांक समजावताना मी जो सूर लावतो, त्याच सुरात.

पोरांच्या भाषेचे बाकीचे धडे सोपे गेले. 'ऑरा' म्हणजे रुबाब; तो वाढतो, घटतो आणि चक्क ऋणही होतो. हे मला आवडले. 'सिग्मा' हे आमच्या वेळी बेरजेचे चिन्ह होते, आता मिसरूड न फुटलेल्यांनी एकमेकांना बहाल केलेले पद आहे. सगळाच माल आयात नाही, एवढा दिलासा. आमच्या कोल्हापुरात कुणी झकास गोल मारला की 'विषय हार्ड'. भूमितीचा पेपर हातात पडला की मात्र विषय खरोखरच हार्ड.

पोरांना नावे ठेवण्याआधी आपले पूर्वज आठवावेत. जुन्या पेठांतले व्यापारी गिऱ्हाइकासमोरच नंदभाषेत भाव ठरवत. केवली म्हणजे एक, मुळू म्हणजे पाच. समोरच्याला कळू नये, एवढाच हेतू. वर्गातले गिऱ्हाईक मी. फक्त व्यापाऱ्यांच्या शब्दांआड खरा भाव दडलेला असे. इथे दडवायला काही नाही, पण दडवण्याची हौस दांडगी.

परवा मीच म्हणालो, "हे उदाहरण सोडवा, ऑरा वाढेल." वर्ग चिडीचूप. मागून कुणीतरी कळवळून म्हणाले, "सर, नको ना." तेव्हापासून माझ्या तासाला तो शब्द फारसा कानावर पडलेला नाही.

तेव्हा शिक्षक मित्रहो, मुलांचा एखादा शब्द डोक्यात जात असेल तर त्यावर बंदी घालू नका. तासाला दोनदा, मन लावून, तो स्वतः वापरा.