काका, अंगठा खाली!

मे महिन्यात मालवणच्या जेटीवर समुद्राविषयी सगळं ठाऊक असलेली माणसं बरीच भेटतात. त्यातलेच हे एक पुणेरी काका.

"मला शिकवू नका. टँकवर तीस वर्षं पोहतोय. दीड मिनिट श्वास रोखतो," काकांनी स्कूबाच्या प्रशिक्षकाला बजावलं.

"तोच रोखायचा नाय, काकानू. दहा मीटर खाली दाब दुप्पट. तिथली एक लिटर हवा वर येईपर्यंत दोन लिटर होते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटेल."

"बॉइलचा नियम! पण ऑक्सिजन पुरेल ना?"

"ऑक्सिजन कुठला? साधी हवा आसा. गाळून, दाबून भरलेली."

"साध्या हवेचे एवढे पैसे?"

प्रशिक्षकाने उत्तरादाखल फॉर्म पुढे केला. दमा, हृदयविकार, रक्तदाब. काकांनी सगळीकडे झोकात 'नाही' लिहिलं.

"बीपीची गोळी सकाळी मीच दिली," काकू म्हणाल्या.

"मग पयली डॉक्टराची चिठ्ठी," प्रशिक्षक म्हणाला. "आणि वर येताना घाई नाय. हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, भसकन वर आलात की त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी लकवा मारतो."

"कोणी सांगितलं?"

"हाल्डेननं. 1908 साली त्याने वर यायचे तक्ते छापले. प्रयोग शेळ्यांवर केले होते."

"शेळ्यांचे नियम मला लावता?"

यावर प्रशिक्षक गप्प राहिला. धंद्यात टिकायचं तर एवढा संयम हवाच.

"समजलं!" काकांनी अंगठा वर केला.

"पाण्यात असा केलात तर मी तुमका वर घेऊन येईन. अंगठा म्हणजे 'वर चला'. ठीक असाल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, आणि ते मीटर-मीटरला."

काकांनी तिथंच फुंकून पाहिलं. कान उघडले नाहीत, शिंका मात्र तीन आल्या.

"सर्दी आसा. कानाचा पडदा जाईल. आज नाय!"

"बरंच झालं. संध्याकाळी मोपाहून विमान आहे."

"विमान उद्या संध्याकाळचं," काकू म्हणाल्या. "तिकिटं मी काढलीत."

"मग तुम्ही चला, काकू. एका डाइव्हनंतर निदान 12 तास विमान नको, जास्त डाइव्ह झाल्या तर 18. तुमका भरपूर वेळ आसा."

काकांनी मग दिवसातला एकमेव शहाणा प्रश्न विचारला: "तुझं प्रशिक्षक असल्याचं कार्ड दाखव. आणि तुझ्याबरोबर एका वेळी किती माणसं?" कार्डावरची मुदत त्यांनी चष्मा कपाळावर सारून तपासली, सिलिंडरचा काटा 200 बारवर आहे ना तेही पाहिलं. पर्यटक सहसा एवढी चौकशी फक्त थाळीत सुरमईचे तुकडे किती, याचीच करतात.

काकू फॉर्म भरून होडीत बसल्या. काकांना पैसे परत मिळाले.

"सर्दी गेली की चिठ्ठी घेऊन या," प्रशिक्षक ओरडला, "पण मे संपायच्या आत! पावसाळ्यात इथलं डायव्हिंग बंद असतं."