तीन मोठे की एक पॉइंट शहाऐंशी?

आमच्या मेव्हण्याने २००७ साली लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर असेंबल करून आणला आणि आल्या आल्या आकडा सांगितला. "तीन गिगाहर्ट्‌झ!" पेंटियम डी ९२५. त्याच सुमारास मी कोअर टू डुओ ई६३०० घेतला होता. वेग १.८६. "भाऊजी, तुमचं अजून पॉइंटातच चाललंय होय?" हे सासरेबुवांच्या देखत. सासरेबुवा बँकेतून निवृत्त. मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा, अपवाद फक्त कर्जावरच्या व्याजाचा.

कागदावर मेव्हणा बरोबरच होता. कोअर दोघांनाही दोन-दोन. पण कॅशे त्याची चार एमबी, माझी दोन. त्याचा प्रोसेसर ९५ वॉटचा, माझा ६५. म्हणजे खाण्यातही तोच पुढे. (एएमडीने तर अ‍ॅथलॉनच्या नावातच ३८०० घातले होते, घड्याळ मात्र दोन गिगाहर्ट्‌झचं. हे मेव्हण्याच्या नजरेतून कसं सुटलं, कोण जाणे.)

आणि तरीही सारखं ग्राफिक्स कार्ड लावून गेम चालवले, तर बहुतेक ठिकाणी शहाऐंशीवालाच पुढे निघे. पेंटियम डीमध्ये एकेका सूचनेला ३१ टप्प्यांतून जावं लागायचं. टप्पे बारीक, म्हणून घड्याळ भराभर चालायचं आणि आकडा फुगायचा. पण पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला, की अर्धवट झालेलं सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. गेममध्ये अंदाज चुकायला वाव भरपूर; खेळणारा मेव्हणा असेल तर विचारूच नका. कोअर टूने टप्पे १४ वर आणले आणि घड्याळाच्या एकेका ठोक्याला जास्त काम उरकायला सुरुवात केली. ठोके कमी, काम जास्त. आमच्या ऑफिसात नेमकं उलटं होतं.

त्यात ९२५चे दोन कोअर म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या दोन वेगळ्या चिप्स. वाटणी झालेले सख्खे भाऊच ते! छप्पर एक, चुली दोन, आणि एकमेकांना निरोप धाडायचा तो बाहेरच्या रस्त्याने. चार एमबी कॅशेचीही दोन-दोन अशी वाटणी. माझ्याकडचे दोन एमबी सामाईक. एक कोअर रिकामा बसला तर दुसऱ्याने खुशाल वापरावेत. आणि एक कोअर रिकामा बसायचाच, कारण तेव्हाचे बहुतेक गेम सगळा भार एकाच कोअरवर टाकायचे.

हे सगळं मी मेव्हण्याला समजावलं. तो म्हणाला, "पण तीन तीनच ना?"

मग शर्यत ठरली. नोव्हेंबरात 'क्रायसिस' आला होता. आधी त्याच्याकडे लावला, मग माझ्याकडे. चालला कुठेच नाही. दोघांचेही पैसे प्रोसेसर आणि स्पीकरवर संपलेले, त्यामुळे ग्राफिक्स दोघांकडेही ऑनबोर्ड. सासरेबुवांनी चष्मा पुसून निकाल दिला, "दोघांचंही सारखंच अडकतंय. चहा घ्या."

तेव्हा जुना डबा गेमसाठी घेणार असाल, तर आधी ग्राफिक्स कार्ड कोणतं ते विचारा, मग प्रोसेसर. या दोघांत निवडायचं झालं तर बेधडक ई६३००. पण बोर्डाला चालत असेल तर सरळ २००८चा ई८४०० शोधा: सहा एमबी कॅशे, ६५ वॉट, आणि वेग बरोबर तीन गिगाहर्ट्‌झ. मेव्हण्याला एवढा शेवटचाच आकडा सांगा.