मी कासा, तू कासा

सेव्हिल, स्पेन
२ एप्रिल

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर शेजारच्या आजी मध्येच डोकावल्या आणि आईला म्हणाल्या, "मी कासा एस तू कासा." आई, तू क्षणभर गप्प झालीस आणि मग म्हणालीस, "अगं बया, ही तर मराठी बोलायली की! पण बाईमाणूस असून 'मी कसा, तू कसा' काय म्हणायली? 'कशी' म्हणावं." वर त्यांना "एकदा या लातूरला" असंही सांगितलंस आणि तेवढ्यात रेंज गेली. राहिलेला खुलासा आता पत्रातून करतो.

'मी' म्हणजे माझं आणि 'कासा' म्हणजे घर. माझं घर ते तुझंच घर, असं त्या म्हणत होत्या. आपण "आपलंच घर समजा" म्हणतो ना, तसंच. दोन्हीकडे पाहुण्याने ते फार मनावर घ्यायचं नसतं.

अण्णा, हा शब्द आपल्या घरात माझ्या आधी तुमच्या बँकेने आणला. मी शाळेत असताना मार्च आला की तुम्ही फोनवर सारखे "कासा वाढवा, कासा वाढवा" म्हणायचे. मला वाटायचं, बँकेने म्हशी घेतल्यात आणि त्यांच्या कासा भरत नाहीत. पुढे कळलं, चालू खातं आणि बचत खातं या दोघांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो कासा. पण माझं बालपणीचं अनुमान अगदीच चुकलं नव्हतं. चालू खात्यावर व्याज द्यावं लागत नाही, बचतीवर थोडंसंच. म्हणजे एक म्हैस विनाचाऱ्याची दूध देणार, दुसरी मूठभर कडब्यावर. मुदत ठेवीला मात्र रोज सरकी पेंड! मग बँक कासेलाच हात घालणार की.

दुसरा कासा दाजींचा. नांदेडला त्यांनी फ्लॅट घेतला, त्या स्कीमच्या नावातही कासा आहे. मी विचारलं, "दाजी, कासा म्हणजे काय?" म्हणाले, "स्क्वेअर फुटाला दोनशे जास्त." डोंबिवलीजवळ तर 'कासा रिओ' नावाची अख्खी वसाहत आहे. रिओ म्हणजे नदी. खरं तर ते नाव गोदाकाठच्या नांदेडला शोभलं असतं. आणि डहाणू तालुक्यात कासा नावाचं गावच आहे. तिथल्या माणसाने "मी कासाचा" म्हटलं तर स्पेनमध्ये लोक म्हणतील, आम्ही सगळे घरचेच!

तिसरा कासा उडतो. इथे विमानं बांधणारी एक जुनी कंपनी होती. 'कन्स्ट्रक्सिओनेस एरोनाउतिकास, सोसिएदाद अनोनिमा' या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवली की कासा. माद्रिदजवळच्या हेताफे गावात १९२३ साली ती सुरू झाली. शेवटच्या दोन शब्दांचा शब्दशः अर्थ 'निनावी मंडळी'. एवढं मोठं नाव घेऊन वर निनावी! पुढे ही कंपनी एअरबसमध्ये मिसळली, पण सी-२९५ विमानातला 'सी' अजून त्याच कासाचा आहे. आपल्या हवाई दलासाठी २०२१ साली अशी ५६ विमानं घ्यायचा करार झाला. १६ इथली, ४० वडोदऱ्याला बनणार. पहिलं विमान सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या या सेव्हिलमध्येच हवाई दलाच्या हाती दिलं. हे मी घरी एवढ्या कौतुकाने सांगितलं, की आमच्या चिरंजीवांनी वर्गात जाहीर केलं, "भारताने स्पेनकडून ५६ घरं घेतलीत." बाईंनी मला बोलावून विचारलं, तुमच्याकडे घरांची एवढी टंचाई आहे का?

चौथा कासा सरकारी फॉर्मवर भेटला. लग्न झालेल्या पुरुषाला इथे 'कासादो' म्हणतात. मूळ शब्द घरच. आपल्याकडे लग्न झालं की माणूस 'गृहस्थ' होतो, तोच हिशोब. त्यावर इथे म्हणही आहे, 'कासादो कासा किएरे'. लग्न झालेल्याला स्वतःचं घर हवं. तुमच्या सूनबाईंनी ही म्हण लगेच पाठ केली. पण सासर सात समुद्रांपलीकडे असल्यामुळे ती वापरायची कुठे, अशी तिची पंचाईत झाली आहे.

आई, शेजारच्या आजींना मी तुझी दुरुस्ती सांगितली. स्पॅनिशमध्ये घर स्त्रीलिंगी असतं, त्यामुळे 'कशी'च बरोबर, हे त्यांना एकदम पटलं. आता जिन्यात भेट झाली की त्या "मी कशी, तू कशी" म्हणतात. मलासुद्धा.

अण्णांचा बीपी आणि तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. ताईला आणि दाजींना नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

क. लो. अ.

आपला,
बाळू

ता. क. : आई, "एकदा या लातूरला" याचंही भाषांतर मी त्यांना करून सांगितलं. आजींनी ते फारच मनावर घेतलंय. दिवाळीची तिकिटं बघायल्यात.